तिलिस्मचा बादशहा आणि लखनौची गादी

मुलांच्या गोष्टीत जादू असावी, याबद्दल आईवडिलांची सहसा तक्रार नसते. परी, राक्षस, उडता गालिचा, बोलणारा पोपट, सारे काही चालते. पण त्याच गोष्टीत राजा हेर कसे पेरतो, प्रधान त्याच्या तोंडावर खरे का बोलत नाही, प्रजा त्याला घाबरायची कधी थांबते, असे काही आले की मोठी माणसे म्हणतात, ''हे मुलांना काय कळणार?'' वास्तविक पंचतंत्र सांगितले गेले ते राजपुत्रांना राजनीती शिकवण्यासाठीच, अशी त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला कथा आहे. अलीकडच्या हॅरी पॉटरच्या पुस्तकांतही छडी आणि उडता झाडू यांच्याइतकेच महत्त्व जादूगारांच्या मंत्रालयाला आहे. संकट दाराशी आले तरी तेथील मंत्री ते मान्य करीत नाही आणि दहा-बारा वर्षांच्या वाचकाला त्या मंत्र्याचा बरोबर राग येतो.

जादू आणि राजसत्ता यांची अशीच एक प्रचंड कथा आपल्या देशात, लखनौ शहरात छापली गेली. तिचे नाव 'तिलिस्म-ए-होशरुबा'. १८८३ ते १८९३ या दहा वर्षांत तिचे सात खंड निघाले. पाचवा खंड इतका वाढला की त्याचे दोन भाग करावे लागले. सगळी मिळून सुमारे आठ हजार पाने! मुहम्मद हुसेन जाह यांनी पहिले चार खंड लिहिले, पुढचे अहमद हुसेन कमर यांनी. दोघेही लखनौचे दास्तानगो, म्हणजे रात्रीच्या रात्री कथा सांगणारे कलावंत.

ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती, हे खरे. पण मुलांनी ती कधीच आपलीशी केली. प्रेमचंदांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिले आहे. वय तेराच्या आसपास, मुक्काम गोरखपूर, खिशात पैसे नाहीत. तेव्हा ते एका पुस्तकविक्रेत्याकडून इंग्रजीच्या गाइडा घेऊन शाळेत विकत आणि त्या बदल्यात दुकानातील कादंबऱ्या घरी नेऊन वाचत. त्याच काळात त्यांनी 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे भाग वाचून काढले. पुढे हाच मुलगा मोठा होऊन लखनौला 'माधुरी' मासिकाचा संपादक झाला. 'माधुरी' निघत होते नवलकिशोर प्रेसमधून, आणि होशरुबा छापणारा छापखानाही तोच!

आपल्या पिढीला तिलिस्म आणि ऐयार हे शब्द कळले ते दूरदर्शनमुळे. १९९४ मध्ये 'चंद्रकांता' मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी घरोघर मुले पडद्यासमोरून हलत नसत. ती मालिका देवकीनंदन खत्री यांच्या हिंदी कादंबरीवर आधारलेली होती आणि खत्रींच्या तिलिस्म-ऐयारीचा धागा मागे या उर्दू दास्तानांपर्यंत जातो. मराठी घरांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणलेल्या अरबी सुरस गोष्टी, हातिमताई, 'चांदोबा'तील विक्रम-वेताळ असा माल होताच. होशरुबा मात्र आपल्यापर्यंत फारशी आली नाही. तिची लिपी वेगळी आणि आकार छाती दडपणारा.

बादशहाचे पुस्तक

होशरुबा म्हणजे होश उडवणारा. तिलिस्म म्हणजे जादूगारांनी निसर्गाच्या विरुद्ध जाऊन उभे केलेले एक कृत्रिम जग. तेथे नद्या, डोंगर, शहरे, बागा, सैन्ये सारे असते, पण ते एका मंत्रबंधाने तोलून धरलेले. या होशरुबाचा बादशहा अफ्रासियाब. त्याच्या राज्याचे तीन भाग: एक सर्वांना दिसणारा, दुसरा गुप्त, तिसरा अंधाराचा. दिसणारा आणि गुप्त भाग यांच्यामधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर धुराचा पूल आहे. सामान्य प्रजेला पहिल्या भागापलीकडे काय चालते हे माहीतच नाही. राज्य चालविण्याची ही पद्धत वाचकाला अगदीच परकी वाटू नये.

अफ्रासियाबजवळ 'सामरीचे पुस्तक' आहे. सामरी हा या जादूगारांचा देव. पुस्तक उघडून विचारले की राज्यात कोठे काय चालले आहे, समोरचा माणूस खरा की वेषांतर केलेला, हे त्यात उमटते. म्हणजे एका अर्थाने बादशहाला सारे कळते. मग त्याचे राज्य जाते कसे?

येथेच कथेचा खरा रंग आहे. पुस्तक सारे सांगते, पण ते उघडायचे केव्हा, हे बादशहाला सुचावे लागते. तो दरबारात गुंतलेला असतो, रागात असतो, गर्वात असतो. तिकडे छावणीत त्याच्या विश्वासू सरदारासमोर बसून एक गाणारी पोर मद्याचा पेला भरत असते. ती पोर नसून शत्रूचा ऐयार आहे, हे बादशहा पुस्तकात वाचतो आणि घाईघाईने इशारा पाठवतो. कधी तो वेळेवर पोहोचतो, कधी पोहोचण्याआधीच सरदाराची मान उडालेली असते. पुन्हा पुन्हा असेच होते, आणि दर वेळी वाचणारा पोरगा श्वास रोखून पाने उलटतो.

भांडणाचे मूळ मोठे गमतीचे आहे. लका नावाचा एक अवाढव्य राजा स्वतःला परमेश्वर म्हणवतो. दाढीत मोती ओवतो. अमीर हमजा या वीराने त्याचा पाठलाग चालविला आहे आणि हा परमेश्वर या राज्यातून त्या राज्यात पळत सुटला आहे. प्रत्येक पराभवानंतर तो सांगतो की हेही आपणच विधिलिखित ठरवले होते! त्याचा सल्लागार बख्तियारक त्याच्या तोंडावर त्याची टिंगल करतो आणि तरीही त्याची नोकरी सोडत नाही. या लकाच्या मदतीला अफ्रासियाब उतरतो आणि आपले राज्य पणाला लावतो. एका पळपुट्यासाठी एवढे मोठे साम्राज्य का गुंतावे, याचे कारण राज्यकर्त्यांच्या प्रतिष्ठेत शोधावे लागते.

हमजाचा मुलगा बदीउज्जमान शिकारीच्या नादात होशरुबाच्या हद्दीत शिरतो आणि कैद होतो. मग हमजाचा नातू असद तिलिस्म जिंकण्यासाठी निघतो. त्याच्याबरोबर अमर ऐयार आणि आणखी चार ऐयार. आता एखाद्याला वाटेल, तरुण राजपुत्र आला, आता तलवारीचे पराक्रम सुरू होतील. लेखकाने तसे केले नाही. असद प्रेमात पडतो आणि पुढे कैदेतही जातो. प्रत्यक्ष युद्ध लढतात त्या बायका.

असदचे प्रेम जडते ते अफ्रासियाबच्याच भाचीवर, माहजबीनवर. बंडखोरांची राणी म्हणून तिला गादीवर बसवले जाते. तिच्याच नात्यातील माहरुख ही बलाढ्य जादूगारीण बादशहाला सोडून बंडात सामील होते आणि सेना सांभाळते. पलीकडच्या छावणीत बादशहाची बेगम हैरत. हैरतची सख्खी बहीण बहार वसंताची जादू जाणते. ती पुष्पगुच्छ फेकते तसा माळावर अचानक वसंत फुलतो आणि शत्रूचे सैनिक प्रेमाने वेडे होऊन शस्त्र टाकतात, तिच्यामागे चालू लागतात. ही बहारही अखेर बंडखोरांकडे येते. दोन बहिणी समोरासमोर! होशरुबाचे राज्य बाहेरच्या शूराने जिंकले असे वरवर दिसते. खरे तर ते आतल्या माणसांनी, त्यातही राजघराण्यातील स्त्रियांनी एकेक करून सोडले. अफ्रासियाब जादूत कोणापेक्षाही कमी नाही. त्याच्याकडे माणसे टिकत नाहीत.

सुई आणि थैली

मुलांना सर्वांत आवडतो तो अमर ऐयार. तो शूर नाही, देखणा नाही, पैशाचा कमालीचा लोभी आहे. पण त्याच्याजवळ एक थैली आहे, जंबील. तिच्यात वाटेल तेवढे मावते. एक पांघरूण आहे, ते घेतले की तो कोणाला दिसत नाही. या देणग्या सोडल्या तर बाकी सारे त्याचे स्वतःचे कसब: वेषांतर, गाणे, दुसऱ्याचा आवाज, बेशुद्ध करणारी भुकटी. त्याला स्वतःला जादू येत नाही.

जादूगाराला हरवण्याची ऐयारांची रीत अगदी साधी. त्याला गुंगी आणायची आणि जिभेतून सुई आरपार घालायची. जीभ हलली नाही तर मंत्र म्हणता येत नाही. मंत्र नाही तर जादू नाही. जादूगार मेला की अंधार होतो, वादळ सुटते आणि त्या गोंधळातून आवाज येतो, ''मला मारले, माझे नाव अमुक होते.'' मेलेल्याने आपले नाव सांगून जाण्याची ही कल्पना अंगावर काटा आणते. ती ज्या कोणाला प्रथम सुचली, तो मोठा कथाकार असला पाहिजे.

शम्सुर्रहमान फारुकी हे उर्दूचे थोर समीक्षक. त्यांनी या दास्तानांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच सारे आले आहे: 'साहिरी, शाही, साहिबकिरानी'. म्हणजे जादू, बादशाही आणि भाग्यवान वीराचे कर्तृत्व. फारुकी व्यवसायाने टपाल खात्यातील अधिकारी. अमीर हमजाच्या दास्तानाचे नवलकिशोर प्रेसने एकूण शेहेचाळीस खंड काढले होते. होशरुबा हा त्यातलाच एक भाग. विसाव्या शतकात हे खंड इतके दुर्मिळ झाले, की ते सगळे एका ठिकाणी असणे हीच नवलाची गोष्ट होती. फारुकींनी ते वर्षानुवर्षे धुंडाळून जमवले आणि वाचले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

पगडी काढून हातात दिली

आता ही कथा ज्या गावात छापली गेली, त्या गावाकडे पाहायला हवे.

४ फेब्रुवारी १८५६ रोजी रेसिडेंट जेम्स औट्रम एक तहनामा घेऊन वाजिद अली शाहकडे आला. अवधचा सारा कारभार कंपनीकडे देण्यावर सही करायची होती. वाजिद अली शाहने सही केली नाही. आपली पगडी काढली आणि औट्रमच्या हातात ठेवली. तीन दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, अवध खालसा झाले. लढाई नाही, वेढा नाही. बादशहा कलकत्त्याला मटियाबुर्ज येथे जाऊन राहिला. पुढच्याच वर्षी बेगम हजरत महलने आपल्या लहान मुलाला, बिरजिस कद्रला, गादीवर बसवून इंग्रजांशी लढा दिला. पराभवानंतर ती नेपाळात गेली. आपल्या नानासाहेब पेशव्यांनाही त्याच दिशेने जावे लागले. बेगम १८७९ मध्ये काठमांडूत वारली.

होशरुबाचा पहिला खंड निघाला तेव्हा वाजिद अली शाह मटियाबुर्जला जिवंत होता. त्याचा मृत्यू १८८७ चा. लखनौच्या चौकात दास्तान ऐकायला बसलेल्या वयस्कर माणसांनी आपल्या डोळ्यांनी एक दरबार उठताना पाहिला होता. एका बेगमेने सैन्य उभे केलेलेही पाहिले होते. माहजबीनला गादीवर बसवल्याचा प्रसंग त्यांनी कोणत्या मनाने ऐकला असेल? लेखकांनी हजरत महल डोळ्यांसमोर ठेवून ही पात्रे घडवली, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. होशरुबाची कथा छापण्यापूर्वी तोंडी चालत आली होती. तिचा आरंभ मीर अहमद अली या लखनौच्या दास्तानगोपर्यंत नेला जातो. पण ऐकणारा आपल्या आयुष्यातले काहीतरी घेऊनच गोष्ट ऐकत असतो.

आणि छापणारा कोण? मुन्शी नवलकिशोर. जन्म १८३६ चा. लाहोरच्या 'कोहिनूर' छापखान्यात शिकून ते १८५८ मध्ये लखनौला आले. शहर उद्ध्वस्त, जुने आश्रयदाते परागंदा. तेथे या बावीस वर्षांच्या तरुणाने छापखाना काढला. इंग्रज सरकारची कामे मिळवली, 'अवध अखबार' चालवले, कुराण छापले, हिंदू धर्मग्रंथ छापले, गालिबची फारसी कविता छापली. नव्या राज्यकर्त्यांशी त्यांचे संबंध उत्तम होते. तरीही ज्या दरबारी संस्कृतीचा पाया गेला होता, तिच्या कथा कागदावर टिकल्या त्या याच माणसामुळे. एका हिंदू प्रकाशकाने एका मुसलमान वीराच्या कथेचे शेहेचाळीस खंड काढावेत आणि दोन्ही समाजांनी ते वाचावेत, याचे त्या वेळी कोणाला नवल वाटले नाही.

हे खंड शिळाप्रेसवर छापले जात. आपल्याकडच्या जुन्या पोथ्याही अशाच छापलेल्या असत. कातिब चिकट शाईने कागदावर सुंदर अक्षरात मजकूर लिहायचा, तो दगडावर उलटा उतरवायचा आणि मग छापे घ्यायचे. म्हणजे आठ हजार पाने कोणीतरी हाताने लिहून काढली होती! त्या कातिबांची आठवण कोणी काढत नाही.

मुलांना द्यायची कशी?

येथे अडचणी आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. मूळ कथेत कत्तली पुष्कळ आहेत, शृंगारही आहे. जिंकलेल्या जादूगाराने विजेत्याचा धर्म स्वीकारावा, नाही तर मरावे, असा तिचा सरळ हिशेब आहे. ते आज जसेच्या तसे मुलांपुढे ठेवता येणार नाही. वर्णनेही लांबच लांब. एका बागेत शिरले की दोन पाने बाहेर पडत नाही. उर्दूत मुलांसाठी संक्षिप्त आवृत्त्या निघाल्या, लाहोरला तर अशा छोट्या पुस्तकांची मालिकाच झाली. मुशर्रफ अली फारुकी यांनी केलेला पहिल्या खंडाचा इंग्रजी अनुवाद २००९ मध्ये आला. ज्या घरातील मोठी मुले इंग्रजी सहज वाचतात, त्यांना तो देता येईल.

पण संक्षेप करणारे बहुधा एक चूक करतात. जादू ठेवतात आणि दरबार गाळतात. मग धुराचा पूल उरतो, पण तो कोणाला कोणापासून दूर ठेवतो हे उरत नाही. बहारचा पुष्पगुच्छ उरतो, पण बहिणीला सोडून येताना तिने काय सोसले ते जाते. मोठ्यांना वाटते की मुलाला उडती गादी हवी. मुलाला तीही हवीच असते, पण 'बादशहाला सगळे कळत होते तर तो हरला का?' हा प्रश्न मूलच आधी विचारते. त्याचे उत्तर दरबारात आहे.

सर्वांत चांगला मार्ग अर्थात तोंडी सांगण्याचा. ही कथा सांगण्यासाठीच जन्मली. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले आणि दास्तानगोईची परंपरा संपली असे धरले गेले. २००५ मध्ये महमूद फारुकी यांनी शम्सुर्रहमान फारुकींच्या मदतीने दिल्लीत तिचे पुन्हा प्रयोग सुरू केले. पांढरे कपडे, पांढरी टोपी, एक बैठक आणि दोन सांगणारे. ना पडदे, ना संगीत. लखनौतही आता हिमांशु बाजपेयी यांच्यासारखे तरुण दास्तानगो आहेत. शब्द कळले नाहीत तरी लोक हसतात, कारण आवाज आणि हात उरलेले काम करतात.

मराठी घरात रात्री दिवा मालवण्यापूर्वी सांगायची झाली तर अफ्रासियाबपासून सुरुवात करू नये. पहिल्या रात्री अमर ऐयार आणि त्याची थैली पुरे. थैलीत काय काय मावेल याची यादी मुलांनाच करू द्यावी. दुसऱ्या रात्री सामरीचे पुस्तक. सुईचा प्रसंग मूल भित्रे असेल तर मागे ठेवावा. माहरुख आणि बहार यांना मात्र वगळू नये. मुलगी ऐकत असेल तर मुळीच नाही. आणि लका? त्याच्यासाठी काही विशेष तयारी लागत नाही. दाढीत मोती ओवलेला एक भला मोठा माणूस आपले राज्य सोडून पळतो आहे आणि पळता पळता मागे वळून ओरडतो आहे, ''हे मीच ठरवले होते!'' एवढे सांगितले की खोलीतली मुले हसून लोळतात, आणि मग घरात कोणाचा कप फुटला, कोणाचे गणित चुकले की तेच वाक्य ऐकू येऊ लागते.